पेटीला सांगितलेले आकडे

आमच्या घरामागच्या वाडीत चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी होती. तिच्या बाजूंना तिरप्या फळ्या बसवलेल्या होत्या, म्हणजे वारा आत जावा पण ऊन जाऊ नये. दार उत्तरेला. आत दोन थर्मामीटर उभे आणि दोन आडवे; आडवे दिवसातला सगळ्यात चढा आणि सगळ्यात उतरता पारा धरून ठेवायचे. पेटीच्या शेजारी पावसाचं भांडं जमिनीत अर्धं गाडलेलं, खांबावर वाऱ्याचा बाण, आणि बकऱ्या शिरू नयेत म्हणून भोवती तारेचं कुंपण. कचेरीच्या कागदावर त्या जागेला वेधशाळा म्हणत. गावात म्हणत पाऱ्याची वाडी.

सौंदडच्या अलीकडे आमचं गाव. माझे सासरे, म्हणजे मामाजी, तिथल्या शाळेत मास्तर असताना मोठ्या कचेरीने हे काम त्यांच्याकडे दिलं होतं. शाळा सुटली, पेटी राहिली. सकाळी एकदा आणि दिवस कलताना एकदा पारा वाचायचा, पाऊस मोजायचा, वारा कुठून येतो ते लिहायचं, आणि महिना संपला की कागद पोस्टाने पाठवायचा. लोक त्यांना पाऱ्याचे गुरुजी म्हणत. आभाळ भरून आलं की कुंपणाशी कोणीतरी यायचंच.

"गुरुजी, पानी येते का आज?"

"मी आलेला पानी मोजतो बाप्पा, येनारा नाई," ते म्हणायचे. रोज तेच विचारणं आणि रोज तेच उत्तर, पण विचारणाराही खूश होऊन जायचा आणि मामाजीही.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन या घरात आले. चौथी शिकले होते. हे रेल्वेत, छोट्या लाइनवर, बालाघाटच्या बाजूला. सुट्टी मिळेल तेव्हा यायचे. घरात मामाजी, सासूबाई आणि मी. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नसे. पदर पुढे ओढलेला, आवाज नाही. त्यांनीही सुनेशी थेट बोलायचं नसे. तहान लागली की मामाजी छपरीच्या, म्हणजे पडवीच्या, खांबाला विचारायचे, "घरात पानी द्याले कोनी हाय का?" मी पाण्याचा गडवा नेऊन ठेवायची आणि मागे सरकायची. मला ही रीत जड वाटली नाही. मी माहेरीसुद्धा चार माणसांत बोलणारी नव्हते. खांबाआडून जगायला मिळालं तर बरंच, असं वाटायचं.

पेटीचं वरवरचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. फळ्यांवरची धूळ पुसायची, कोळ्याची जाळी काढायची, बाणाच्या खांबाला तेल द्यायचं, भांड्यात पाला पडला असेल तर तो वेचायचा. उभ्या दोन थर्मामीटरपैकी एकाच्या टोकाला पातळ मलमल गुंडाळलेली असे आणि तिची वात खालच्या पाण्याच्या बाटलीत सोडलेली. तो ओला पारा, दुसरा कोरडा. दोघांत किती फरक पडतो त्यावरून हवेत ओल किती ते कळतं. मलमल मळली की धुवायची, जुनी झाली की नवी बांधायची. मी ती कातरत बसले की सासूबाई म्हणायच्या, "पाऱ्याले झबलं शिवून राहिली माजी सून." हसायच्या आणि मग उठून आत जायच्या. आमच्या घरात दुसरं झबलं शिवायची वेळ कधी आली नाही.

वाचायचं काम मामाजींचं. त्याची एक शिस्त होती. दार उघडायच्या आधी श्वास धरायचा, झटकन आकडा पाहायचा, दार लावायचं आणि मगच श्वास सोडायचा. माणसाच्या अंगाची ऊब पाऱ्याला लगेच कळते. उघड्या दाराशी बोलायचं तर मुळीच नाही. म्हणून मामाजी दार उघडं ठेवून काचेला नाक लावून उभे राहायला लागले, तेव्हा मला भीती वाटली. एका सकाळी ते असे उभे होते आणि त्यांच्या श्वासाने काचेवर धुकं धरलं होतं. त्यांनी ते धोतराच्या टोकाने पुसलं, परत नाक लावलं, परत पुसलं.

हे त्यांना नागपूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, जेवढी नजर गेली ती परत येत नाही, आहे तीही राहील असं नाही. परत आल्यावर मामाजी छपरीत बसले ते जेवायलाही उठले नाहीत. कचेरीला कळलं तर पेटी दुसऱ्याकडे जाईल, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. पेटी गेली असती म्हणून घर उपाशी राहिलं नसतं, भाताची शेती होती, धानाच्या बांध्या होत्या. पण मामाजींचं काय राहिलं असतं? शाळा गेली होती. लोक त्यांच्याकडे यायचे ते पाऱ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंना हाक मारली. मी दारामागे, हाताच्या अंतरावर होते.

"त्या पोरीले आकडे वाचता येतात का, इचार."

"येतात का वो तुले?"

मी मान हलवली.

"मुंडी हालवून राहिली," सासूबाई म्हणाल्या.

"हालवून म्हनजे? हो का नाई?"

"आता मुंडीचा का आवाज येते? हो म्हनते."

तेव्हापासून आम्ही तिघं पेटीपाशी जाऊ लागलो. मी श्वास धरून वाचायची, दार लावायची, सासूबाईंच्या कानाशी आकडा सांगायची आणि त्या तो मामाजींना ऐकवायच्या. मामाजी जाड शाईने मोठ्ठा आकडा लिहायचे. पुढे तेही जमेना, तेव्हा लिहायला मी लागले आणि सही तेवढी त्यांची. हाताला सही पाठ होती.

"कोरडा ऐंशी म्हनते!"

"आयकलं मी."

"आयकलं तं मले कायले उभं करता उन्हात? दोघं एक हातावर उभे, अन् मी मधात टपाल."

"रीत हाय."

"रीत तुमची अन् पाय माजे दुखतात," असं म्हणत त्या रोज यायच्या. एक दिवसही चुकल्या नाहीत.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत सासूबाईंना ताप आला आणि फार दिवस न काढता त्या गेल्या. माणसं मसणातून परतली, आंघोळी झाल्या, बाया घरात बसल्या होत्या. दिवस कलायला आला. मामाजी उठले, काठी घेतली आणि वाडीकडे निघाले. कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, आज तं राहू द्या." ते थांबले नाहीत. मी मागून गेले. ते पेटीपाशी जाऊन नुसते उभे होते. मधे उभं राहणारं माणूस आता नव्हतं.

मी दार उघडलं, वाचलं, दार लावलं. आकडा तोंडात होता आणि सांगायला कोणी नव्हतं. मग मी पेटीच्या बंद दाराकडे तोंड केलं आणि दाराला सांगितलं, "कोरडा शहात्तर. ओला चौऱ्याहत्तर."

मागून मामाजी म्हणाले, "हूं."

एवढंच. मी लिहिलं, त्यांनी सही केली, आम्ही परतलो. ते पुढे, मी मागे.

मग वर्षानुवर्षं तसंच चाललं. मी पेटीला सांगायची, ते हूं म्हणायचे. पारा फार चढला असेल तर हूं लांब यायचा, पाऊस चांगला झाला असेल तर हलका. लोकांच्या घरात सासरा आणि सून काय बोलत असतील मला माहीत नाही. आमच्यात हे होतं, आणि मला ते पुरेसं होतं. हे सुट्टीवर आले की चिडवायचे, "बाप अन् बायको दोघं पेटीशी बोलून राहिले. मी कोनाशी बोलू, गाईशी?"

मधे एकदा कचेरीचे साहेब तपासणीला आले होते. मामाजींनी स्वतः दार उघडलं, लावलं आणि सकाळी मी सांगितलेला आकडा आठवून थोडा चढवून सांगितला. साहेबांनी मान हलवली आणि चहा पिऊन गेले. त्या दिवशी मामाजी शाळेतल्या पोरासारखे खूश होते.

नवे पैसे सुरू झाले त्या सुमाराला दुसरे साहेब आले. तरुण होते, बोलायला मऊ. स्टेशनवरून बैलगाडीत आले तेव्हा मांडीवर एक खोका जपून धरला होता. सकाळचं वाचन नुकतंच झालं होतं. "नवीन आलीत, गुरुजी. आता सगळीकडे हीच लागणार," असं म्हणत त्यांनी जुने थर्मामीटर काढले आणि नवे बसवले. नवीन म्हणजे काय, ते बोलले नाहीत. डोळे असलेल्या माणसाला ते सांगावं लागत नव्हतं. मी कुंपणाबाहेर पपईच्या झाडाआड उभी होते.

थोड्या वेळाने साहेब म्हणाले, "वाचा बघू, गुरुजी."

मामाजी पुढे झाले. श्वास धरला. दार उघडलं, नेहमी लागतो तेवढाच वेळ थांबले, दार लावलं. सगळं अगदी शिस्तीत. मग म्हणाले, "कोरडा ब्याऐंशी."

सकाळी मी पेटीला सांगितलेला आकडा तो.

साहेबांना आधी हसू आलं. "गुरुजी, हे नवीन माप आहे, सेंटिग्रेड; जुनं फॅरनहाइट गेलं. यात ब्याऐंशीला माणूस शिजून निघेल. या काचेवर ब्याऐंशी नाहीच." मामाजी हसले नाहीत. साहेबांचंही हसणं मग थांबलं. त्यांनी मामाजींच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं.

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसते. थोडं." मामाजींनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "नाई दिसत."

"मग हे दर महिन्याचे कागद? ते कोण भरतं?"

मामाजींनी पेटीच्या फळीवर हात ठेवला. पेटी आता जाणार, हे मला दिसत होतं. त्यांना न दिसता दिसत होतं. मी झाडाआडून निघाले. माझे पाय कसे निघाले ते मला आजही सांगता येत नाही. पदर हनुवटीपर्यंत ओढला, आत गेले, श्वास धरून दार उघडलं. नवी काच, आकडे लहान, मधल्या रेघा बारीक. दार लावलं आणि पेटीला सांगितलं, "कोरडा सत्तावीस, वर आठ रेघा."

"या कोणाशी बोलतात?" साहेबांनी विचारलं.

"पेटीशी," मामाजी म्हणाले. "सून हाय माजी."

"बाई, मला सांगा. पेटीला माहीत आहे."

माझा आवाज फुटेना. परका पुरुष समोर आणि सासरा बाजूला. तेवढ्यात मामाजी म्हणाले, "सांग बाई साहेबाले."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट बोलले ते हे पहिलं वाक्य. मी साहेबांकडे तोंड करून आकडा सांगितला. ओला सांगितला, आडवे दोन्ही सांगितले. साहेबांनी प्रत्येक वेळी स्वतः पाहून "बरोबर" म्हटलं. मग माझं नाव विचारून लिहून घेतलं.

"आता सही बाईंचीच येऊ द्या. मी वर कळवतो. गुरुजी, तुम्ही आता आराम करा, खूप वर्षं केलंत."

चांगल्या मनानेच बोलले. जाताना मामाजींच्या पाया पडले. नव्या मापाचं जुनं माप करायचा एक छापील तक्ता माझ्याकडे देऊन गेले, सुरुवातीला लागेल म्हणून. पेटी घरात राहिली होती. मला वाटलं, जिंकलो आम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराशी काठीच्या आवाजाची वाट पाहत उभी राहिले. मामाजी छपरीत बसून होते, उठले नाहीत.

"वेळ झाली," मी खांबाला म्हटलं.

"ज्याचं काम त्यानं करावं," ते खांबालाच म्हणाले.

मी एकटी गेले. वाचलं, दार लावलं, पेटीला मोठ्याने सांगितलं, छपरीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने. माझा एवढा आवाज मी स्वतः कधी ऐकला नव्हता. छपरीतून काही आलं नाही. सायंकाळीही नाही. रोज सांगत राहिले, रोज थोडं थांबत राहिले.

कुंपणाशी येणाऱ्या बाया थट्टा करायच्या. "काऊन वो, गुरुजी दिसत नाई? आता तूच का पाऱ्याची गुरुजीन?" मी त्यांना हाताने खूण करायची, हळू बोला. पण मामाजींचे डोळे गेले होते, कान नव्हते गेले. पुरुष माणसं यायची ती मला बाई बघून माघारी फिरायची. पाणी येते का, असं मग कोणी कोणालाच विचारेना. मामाजी दिवसभर दोरी वळत बसायचे आणि वळलेली दोरी परत उकलायचे.

थंडी पडली. एका सकाळी ते घोंगडी पांघरून खांबाला म्हणाले, "आज किती हाय पेटीत?"

मी धावत अंगणात आले. "बारा," मी खांबाला म्हटलं.

"बारा." त्यांनी घोंगडी अजून ओढून घेतली. "बारा म्हनजे का? पैसाही बदलला, पाराही बदलला. मले कोनती थंडी वाजून राहिली, ते तं सांगा कोनी."

मी आत जाऊन तक्ता काढला. त्यात दोन रांगा होत्या. नवी रांग मला पाठ झाली होती आणि शेजारची जुनी मी कधी पाहिलीच नव्हती, कारण कचेरीला ती लागत नव्हती. दुसऱ्या दिवशी तक्ता घेऊनच वाडीत गेले. वाचलं, दार लावलं, बाराच्या समोर बोट ठेवलं आणि पेटीला सांगितलं, "कोरडा चौपन्न."

छपरीतून आवाज आला, "हूं."

मी लगेच ओल्याचाही जुना आकडा शोधून सांगितला.

मग मी दोन्ही मापं ठेवली. लिहायचं नवं, सांगायचं जुनं. पाऊस मिलिमीटरने मोजायचा आणि पंचवीसला एक इंच धरून त्यांना इंचात सांगायचा. ते वाडीत परत कधी आले नाहीत. पण बसल्या जागेवरून खांबाला सांगू लागले, बाण कुरकुरते, तेल घाला कोणीतरी. आज वारा फिरला. कालपेक्षा उतरला ना? मी पेटीला सांगायची, हो, उतरला. हे मधे आले होते तेव्हा ऐकत उभे राहिले आणि त्यांनी या वेळी थट्टा केली नाही.

असं दोन पावसाळे चाललं. दुसऱ्या पावसाळ्यात मामाजींनी अंथरूण धरलं. ताप उतरेना. हे रजा घेऊन आले, वैद्य येऊन गेला. त्या दिवशी सकाळपर्यंत झोडपून पाऊस झाला होता. मी भांड्यातलं पाणी मोजून ओल्या पायांनी आत आले. त्यांची खाट मधल्या खोलीत होती. तिथे खांब नव्हता, पेटी नव्हती, आणि भिंत त्यांच्या पाठीशी होती. त्यांचे ओठ हलले. काय विचारतात ते मला कळलं. मी खाटेजवळ बसले आणि पदर मागे सरकला तो पुढे घेतला नाही. त्यांना दिसणार नव्हतंच.

"मामाजी, दोन इंच. वर थोडा."

त्यांना त्यांच्या तोंडावर मामाजी म्हटलं ते तेव्हाच. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. हूं म्हणाले नाहीत.

"बांधीच्या धुऱ्यावरून पानी गेलं असन, बाई," ते म्हणाले.

"गेलं," मी म्हटलं.

दुपारी ते गेले. पाऊस उघडला होता म्हणून माणसांनी घाई केली आणि दिवस असतानाच सगळं उरकून परत आली. बाया घरात बसल्या होत्या. दिवस कलायला आला तशी मी उठले. कोणी अडवलं नाही. गावाला आता ठाऊक होतं.

पेटीच्या फळ्या भिजून फुगल्या होत्या, दार अडकत होतं. श्वास धरला, वाचलं, दार लावलं. चोवीस, वर चार रेघा. हात सवयीने तक्त्याकडे गेला. मी तो उघडला, चोवीसच्या समोर बोट ठेवलं आणि छपरीकडे पाहिलं. छपरीत घोंगडी वाळत घातली होती आणि कोपऱ्यात अर्धी वळलेली दोरी पडली होती.

मी तक्ता मिटला. चोवीस आणि चार लिहिलं, खाली माझी सही केली. पेटीला त्या दिवशी काही सांगितलं नाही. पुढे ती पेटी कचेरीने नेली, तोवर कधीच नाही.